उलट्या तारांचा भूकंपमापक

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे. हल्ली माझा मुक्काम काचेच्या पेटीत असतो. रोज मला कुणीतरी पुसतं आणि शाळेच्या सहली माझ्यापुढे रांगेत उभ्या राहतात. कौतुक कुणाला नको असतं? पण आधीच सांगून टाकतो, मी नऊ वर्षं उलटं लिहिलं. त्यापायी एका चांगल्या माणसाच्या कष्टांची माती झाली.

मी मुळात दोन जागी राहायचो. तळघरात, खडकावर बांधलेल्या चौथऱ्यावर माझं वजन, स्प्रिंग आणि चुंबक. वरच्या खोलीत माझं पेन आणि कागद गुंडाळलेला रूळ. दोन्हींना जोडणाऱ्या दोन तारा, एक लाल, एक काळी, म्हणजे अदलाबदल होऊ नये. जमीन वर उचलली गेली की पेन वर, खाली ओढली गेली की पेन खाली, एवढंच माझं काम. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी लिहायचो. मिस्त्रीकाका तर शपथेवर सांगायचे की त्यांची शिंकसुद्धा माझ्या कागदावर उमटते!

मिस्त्रीकाका म्हणजे मला सांभाळणारे. जाड चष्मा, खिशात कायम पेचकस, आणि स्वच्छतेचं वेड असं की माझ्यावर बसलेली माशीही त्यांना अपमान वाटायची. वरच्या खोलीत बसायच्या त्या ताई. त्या शास्त्रज्ञ होत्या, पण काका त्यांना पहिल्या दिवसापासून ताईच म्हणत.

एकदा काकांनी विचारलं, "ताई, एवढे कागद बघता, खाली नेमकं चाललंय तरी काय?"

ताईंनी डब्यासोबत आणलेल्या कणकेचा गोळा लांबट केला आणि एका टोकाला धरून लोंबता ठेवला. "काका, हे बघा. इथे पूर्वी समुद्र होता. समुद्राचा तळ थंड आणि जड, तो पलीकडच्या जमिनीखाली शिरला आणि स्वतःच्याच वजनानं खाली खाली बुडत गेला. त्याच्या मागोमाग एक अख्खा खंड ओढत आला. आता खंड पडला हलका. तो काही बुडायला तयार नाही. वरून खंड अडलाय, खालून जड तळ ओढतोय. मग मधल्या मानेचं काय होणार?"

बोलता बोलता कणकेची मान बारीक झाली, ताणली गेली आणि खालचा गोळा टपकन टेबलावर पडला.

"अरे बापरे," काका म्हणाले, "आणि आपण इथे वर चहा पितोय!"

"आज नाही हो तुटत! लाखो वर्षं लागतात. पण मान ताणली जातेय, हे मला सिद्ध करायचंय. मोठे साहेब म्हणतात, ताण नाहीच, उलट ती दाबली जातेय."

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच अडलं. त्या मानेत, आमच्या बरोबर खाली दीडशे किलोमीटरवर, भूकंप झाला आणि मान ताणानं फाटत असेल, तर पहिला धक्का मला वर उचलणार. दाबली जात असेल, तर पहिला धक्का मला खाली ओढणार. नेमकं त्या जागेच्या डोक्यावर बसलेलं यंत्र मी एकटाच. ताई अशा एका स्पष्ट धक्क्याची वाट बघत होत्या. तो वरचा निघाला तर डोंगरभर दहा नवी यंत्रं बसवून त्यांचं काम पुढे जाणार होतं. नाही तर फाइल बंद.

आमच्याकडे एक पद्धत होती. माझ्या तारांना हात लागला की नंतर काका तळघरात माझ्या वजनावर अलगद बोट टेकवायचे. वर पेन ठरलेल्या बाजूला सरकलं की ताई जिन्यातून ओरडायच्या, "बरोबर!" मगच काका हात धुवायचे.

एके सकाळी मोठे साहेब पाहुणे घेऊन येणार होते. काकांनी मला लख्ख केलं. विटलेल्या तारा त्यांच्या डोळ्यांना खुपल्या, म्हणून काढून नव्या लावल्या. लाल तार संपलेली, म्हणून दोन्ही काळ्याच. लावताना डावीची उजवीकडे गेली, उजवीची डावीकडे. काकांनी बोट टेकवलं, हाक मारली, "ताई, बघा हो!" पण ताईंना साहेबांनी फाटकावर पाहुण्यांच्या स्वागताला उभं केलं होतं. वरून उत्तर आलं नाही. "उद्या बघू," काका म्हणाले.

पाहुणे मला पाहून म्हणाले, "वा! किती निगा राखली आहे!" काकांची छाती फुगली. आणि तो उद्या राहून गेला.

मला कळलं होतं हो. त्याच दिवशी कळलं. जमीन वर जायची आणि माझं पेन खाली. मी ओरडणार कुठल्या तोंडानं? दूरच्या मोठ्या भूकंपांचे माझे कागद दुसऱ्या केंद्रांच्या कागदांशी ताडून पाहिले असते, तर सगळं उघड झालं असतं. पण कागद गुंडाळून कपाटात जायचे.

दोन वर्षांनी, ताई समोरच बसलेल्या असताना, तो धक्का आला. खोलवरून, स्वच्छ, आमच्या बरोबर खालून. त्यानं मला वर उचललं. ताईंचंच खरं होतं! मी सगळा जीव एकवटला, आणि माझं पेन खाली गेलं.

ताईंनी भिंग लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग भिंग मिटून खिशात ठेवलं. साहेब जिना चढून आले, पाहून म्हणाले, "झालं समाधान?" ताई म्हणाल्या, "झालं." छापायला दिलेला लेख त्यांनी स्वतःच्या सहीनं परत मागवला. महिन्याभरात त्यांची नकाशे छापायच्या कचेरीत बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या रुळावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर सात वर्षं मी तसाच लिहीत राहिलो. दरम्यान तुटत्या मानेची तीच गोष्ट परक्या माणसांनी, भलत्याच डोंगरांखाली सिद्ध केली. शेवटी नवं यंत्र आलं. आठवडाभर आम्ही शेजारी चाललो. ते वर दाखवी, मी खाली. नव्या इंजिनियरनं वहीत एक ओळ लिहिली, "जुन्याच्या तारा उलट्या," आणि मला बंद केलं.

निवृत्त झालेले काका मला निरोप द्यायला आले होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनीच ताईंना कळवलं.

ताई आल्या तोवर मला त्याच वरच्या खोलीत काचेच्या पेटीत मांडलं होतं. त्यांचे केस पांढरे झालेले. पेटी उघडून त्यांनी दोन्ही काळ्या तारांवरून बोट फिरवलं.

काका मागून म्हणाले, "ताई, काहीतरी बोला. शिव्या घाला हवं तर."

"तुम्हाला कशाला, काका? हाक आली तेव्हा वर मी नव्हते. आणि पुढे माझं मन सांगत होतं की तपासून बघ. मी म्हटलं, छे, हा कधी चुकत नाही."

एवढं बोलून त्या काकांना धरून हळूहळू जिना उतरल्या.

मित्रांनो, यंत्राच्या पोटात हात घालाल तेव्हा झाकण लावण्याआधी तपासून बघा. आणि तपासणारा जागेवर नसेल, तर तो येईपर्यंत थांबा. पाहुणे थांबतील. आणखी एक विनंती. माझ्या पेटीवर बाहेरून पाटी लावली आहे, "चोवीस वर्षे अचूक सेवा." ताई तो शब्द बदलायला सांगून गेल्या होत्या, पण साहेब म्हणाले, पाटी छापून झाली. रोज तुमच्यातलं कुणीतरी ती मोठ्यानं वाचतं आणि बाई शाबास म्हणतात. कुणाकडे पेन असेल तर तेवढा "अचूक" खोडा. मला हात नाहीत.