झाडपाळी

"थाप मारायचीच तर पटेल अशी मार," मोरिसकाका फोनवरून ओरडले. "जर्मन माणसानं उशीर केला म्हणे! उद्या सांगशील, म्हशी झाडावर चढल्या."

बोनिफास केनफाक जिन्यात उभा होता. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात ओलं फडकं आणि कान व खांद्याच्या बेचक्यात अख्खं कॅमेरून. शनिवार होता आणि झाडपाळी त्याची होती. ज्याची पाळी त्याच्या दारावर आठवडाभर लाकडी पाटी लटकते आणि जिना, अंगण, फुटपाथ, सगळं त्यानं लखलखीत ठेवायचं, असा त्या बिल्डिंगीचा नियम होता. जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या त्या गावात राज्यघटना बदलता आली असती, झाडपाळी नाही.

"खरंच उशीर झालाय, काका. अर्ज देऊन तीन वर्षं उलटून गेली."

"माझा ट्रक जर्मन आहे. तुझ्या जन्माआधीपासून चालतोय. एकदाच ब्रेक लागले नाहीत, तरी बाजारात वेळेवर पोचलो. जरा आधीच. तू खरं काय ते सांग. तुरुंगात आहेस का? की गोरी बायको केलीस आणि ती सोडत नाही?"

"तुरुंगात नाही, काका."

"म्हणजे बायको आहे!"

बोनिफासचे वडील जाऊन चार पावसाळे झाले होते. दफन तेव्हाच झालं. पण त्यांच्या डोंगराळ मुलखात माणूस नुसत्या दफनानं सुटत नाही. पाऊस सरल्यावर कधीतरी, घरची माणसं जमली आणि हातात बळ आलं की मोठा समारंभ करायचा. ढोल, नगारे, पंचक्रोशीची पंगत, आणि सगळ्यांच्या पुढे थोरल्या मुलानं बापाचा फोटो छातीशी धरून नाचायचं. तोवर मेलेला माणूस उंबरठ्यातच ताटकळलेला. बोनिफासचे वडील असे ताटकळत होते, कारण थोरला मुलगा जर्मनीत ताटकळत होता. समारंभ तीनदा पुढे ढकलला गेला. पहिल्या वर्षी पंगतीसाठी घेतलेल्या बकऱ्यांना आता नातवंडं झाली होती आणि कुठली पिढी कापायची यावरून घरात दोन तट पडले होते.

बोनिफास याच गावात शिकून जलअभियंता झाला आणि गावाच्या सांडपाणी केंद्रात नोकरीला लागला. साऱ्या गावानं सकाळी उठून जे काही केलं असेल, ते नदीला मिळण्याआधी त्याच्या नजरेखालून जाई. इतक्या खाजगी गोष्टी गावानं बिनदिक्कत त्याच्या हवाली केल्या होत्या. त्याला कायमचं राहू द्यायचं की नाही, तेवढं ठरत नव्हतं. जुन्या कार्डाची मुदत संपलेली, कायमचं कार्ड आलेलं नाही. मधल्या काळासाठी कार्यालय एक कागद देई: या माणसाला राहण्याचा हक्क आहे, अशी तूर्त कल्पना करावी. त्या कागदाचं सरकारी नावच मुळी 'कल्पनेचा दाखला'. कल्पनेलाही मुदत असे. ती संपली आणि नवा दाखला मिळाला नाही, की देशाबाहेर जाता येई, परत येता येत नसे. आणि नेमका पाऊस सरायच्या सुमाराला दरवर्षी सरकारची कल्पनाशक्ती आटत असे.

"ऐक," काका म्हणाले. "जानेवारीत करायचं ठरलंय. आता पुढं ढकलणं नाही. तुझी आई म्हणते, अजून थांबलात तर दोघांचं एकदमच उरका. तू नाही आलास तर फोटो लांद्री धरेल. बसा मग. लोक विचारतील, थोरला कुठाय? चुलतभाऊ का नाचतोय? मी काय सांगू? जर्मन लोकांना उशीर झाला? हसतील रे मला!"

"श्रीमान केनफाक, कोपरा राहिला," खालून आवाज आला.

तळमजल्यावरच्या शॉयफेलेबाई वर येत होत्या. वय ऐंशीच्या आसपास. नवरा वारल्यावर त्यांनी सगळं लक्ष जिन्याकडे वळवलं होतं. त्या कठड्यावरून बोट फिरवत येत आणि बोटाकडे चष्म्यातून बघत.

"बाईचा आवाज! मी म्हणत नव्हतो?" काका ओरडले. "दाखव तिला!"

बोनिफासनं फोनचा कॅमेरा चालू केला. काकांनी बाईंना पाहिलं आणि त्यांच्या कल्पनेतली गोरी बायको जागच्या जागी गतप्राण झाली.

"शॉयफेलेबाई, एक उपकार करा," बोनिफास म्हणाला. "माझ्या काकांना एवढंच सांगा, की आपलं परदेशी लोकांचं कार्यालय उशीर करतं. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

बाई बिचकल्या. घरातली गोष्ट परक्या माणसाला, तीही दुसऱ्या खंडातल्या! त्यांनी ॲप्रन नीट केला. जिन्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "उशीर होतो." मग मान ताठ करून, "पण जिना वेळेवर झाडला जातो. हेही सांगा त्यांना."

बोनिफासनं भाषांतर करून सांगितलं. मयताची बातमी ऐकावी तशी पलीकडे काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कधी झालं हे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "आम्हाला कुणी कळवलंही नाही."

त्या दिवसापासून काकांनी तुरुंगाचं नाव काढलं नाही.

जानेवारी जवळ आला तसा बोनिफास शेवटचा प्रयत्न म्हणून कार्यालयात जाऊन बसला. ग्रीसरसाहेब सज्जन होते. त्यांच्या टेबलावर एक निवडुंग होता. पाण्यावाचून तग कसा धरावा, याचा समोर बसणाऱ्याला तेवढाच धडा.

"तुमची फाइल संगणकावर चढवायला पाठवलीय," ग्रीसरसाहेब म्हणाले.

"कुठं?"

"दुसऱ्या गावी. तिथून तिसऱ्या."

"परत कधी येईल?"

"एकदा गेली की परत यायचं काही सांगता येत नाही हो."

"माझंही तसंच आहे, साहेब. ती निदान गेली तरी."

ग्रीसरसाहेब ओशाळून हसले. नवा दाखला फाइल आल्यावर मिळणार होता. तोवर कल्पना बंद.

संध्याकाळी त्यानं काकांना फोन केला. काका ओरडले नाहीत, याचंच त्याला जास्त लागलं.

"मग तू तिकडंच नाच," ते म्हणाले. "इथं फोटो लांद्री धरेल, तिथं तू धर. मेलेल्या माणसाला व्हिसा लागत नाही. तो येईल तिकडं."

समारंभाच्या शनिवारी पहाटेपासून बर्फ पडत होतं. पाटी पुन्हा बोनिफासच्याच दारावर होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो बर्फ काढायला विसरला. हिवाळ्यात दोन्ही गावांची घड्याळं एकच वेळ दाखवतात. तिकडे दुपारी एकला ढोल सुरू झाले. इकडे दुपारी एकला बिल्डिंगीच्या नियमातले, आवाज न करायचे, शांततेचे दोन तास सुरू झाले.

तो मागच्या अंगणात उतरला. जाड कोटावरून आईनं पाठवलेलं निळं-पांढरं कापड गुंडाळलेलं, छातीशी वडिलांचा फोटो. ओल्या कचऱ्याच्या डब्यावर त्यानं फोन टेकवला, आवाज होता तेवढा वाढवला आणि पहिलं पाऊल टाकलं. ते घसरलं.

मागचं दार उघडलं. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या शॉयफेलेबाई हातात रुंद फावडं घेऊन उभ्या.

"बर्फ काढलेलं नाहीये."

"माफ करा, बाई. आज माझ्या वडिलांचं..."

"माहितीय मला. पडलात तर विमावाले पैसे देत नाहीत. आणि एक वाजून गेलाय."

"करतो बंद."

"बंद करा म्हणाले का मी? वेळ सांगितली."

त्यांनी फावडं बर्फात घातलं आणि ढकलत निघाल्या. खरखर करत समोरची वाट मोकळी होऊ लागली. त्यांच्या मागून, मोकळ्या झालेल्या फरशीवर, बोनिफास नाचू लागला. कोपऱ्यापर्यंत जाऊन बाई वळल्या, तोही वळला. अंगणाला एक फेरी झाली, मग दुसरी. बर्फ पडायचं थांबत नव्हतं, त्यामुळे बाईंनाही थांबायला काही कारण नव्हतं.

"पुढची ती कोण?" फोनमधून काका ओरडले. "ती उशीरवाली का?"

"हो, काका!"

"ताल आहे बाईला! तिला म्हणावं, डावा पाय जरा जोरात टाक!"

बोनिफासनं सांगितलं.

"गुडघा बदललाय माझा," बाई न थांबता म्हणाल्या. "सांगा त्यांना."

"गुडघा कुठला बसवलाय?" काकांनी विचारलं. "जर्मन?"

"जर्मन."

"मग काही काळजी नाही," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला.

पडद्यावर लांद्री फोटो धरून पुढे आला. तोच फोटो, तीच कडक कॉलर. क्षणभर डब्यावरच्या फोनमधून वडिलांनी बोनिफासच्या छातीवरल्या वडिलांकडे पाहिलं. मग गर्दी मध्ये आली. ढोल थांबले तेव्हा आई फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की नुसतं कपाळ दिसत होतं.

"सुटले रे ते," ती म्हणाली. "हात गारठले असतील तुझे. आत जा."

तो बराच वेळ फोटो पुसत अंगणात उभा राहिला. शॉयफेलेबाई केव्हाच आत गेल्या होत्या.

अंधार पडल्यावर त्याला आठवलं, जिना अजून झाडायचाय. झाडू घेऊन तो दाराबाहेर आला. पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या, ओल्या होत्या, कोपऱ्यासकट. त्याच्या दारावर पाटी नव्हती. खाली तळमजल्यावर, शॉयफेलेबाईंच्या दारावर ती लटकत होती. त्यांची पाळी सोमवारपासून होती. त्या बिल्डिंगीत एखादी गोष्ट वेळेच्या आधी पुढे सरकली, ती पहिल्यांदाच.