भरतीच्या गोळ्या

आमच्या घरात डॉक्टरकडे जायचं म्हणजे भांडूनच जायचं. त्र्याऐंशी साली गणपती झाल्यावर आबाला, म्हणजे माझ्या बापाला, मी चिपळूणला आठल्ये डॉक्टरांकडे अक्षरशः ओढत नेलं. माझा हेतू सरळ होता. डॉक्टरांनी त्याला नाही म्हणावं.

आबा तराफेवाला. घाटाच्या पायथ्याच्या रानात बांबू तोडायचे, काथ्यानं बांधून त्यांचा तराफा करायचा आणि त्याच्यावरच बसून वाशिष्ठीतून खाडीपर्यंत उतरायचं. खाली बुरोंडी-हर्ण्याकडचे कोळी मासे वाळवायच्या मांडवांना तो बांबू घ्यायचे. विकायचा माल तोच आणि बसायची होडीही तीच. पुढे ट्रक आले नि तराफे बंद पडत गेले. तेवढ्यात भागोजीनं, आबाच्या जुन्या जोडीदारानं, शेवटचा एक तराफा सोडायचं काढलं, आणि आबाला बारसं असल्यासारखा आनंद झाला. त्याच्या आदल्या महिन्यात तो पडवीत भोवळ येऊन पडला होता, ते मात्र सोयीस्कर विसरला. नवरा मुंबईला गोदीत, आई जाऊन वर्षं झालेली. मला आबाशिवाय होतं कोण? मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पंप दाबला, पारा बघितला आणि परत एकदा पंप दाबला. मला बरं वाटलं.

"गुणाजीबुवा, वाटेत गाव लागतं का?"

"पयले दोन दिस नाय. रान हाय नुसतं."

"रस्ता?"

"नाय."

"आणि रात्री?"

"वाळूवर झोपायचं. सुसरी दुसऱ्या काठाला असतात, त्यांचं नि आमचं भांडान नाय." मग त्याला कोण थांबवणार! डोहात पाणी कसं गरगरतं, तराफ्यावर माती थापून चूल कशी करतात, कुठल्या वळणावर जांभळाच्या फांद्या डोक्याला लागतात, सगळं सांगत सुटला. बाहेर पेशंट खोळंबलेले. डॉक्टर हनुवटी हातावर ठेवून ऐकत होते. घरी पडवीत महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस तो हाच, हे मला खरं वाटेना.

"नाही म्हणणं मला सोपं आहे," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. "पण मग हे घरी बसून करणार काय?"

मला त्या प्रश्नाचाच राग आला.

डॉक्टरांनी अटी घातल्या. सुकी मासळी बंद, मीठ कमी, जड ओढायचं नाही, घरचं माणूस बरोबर हवं. "मी जाते," मी म्हटलं. आबा उसळला. "तराफ्यावर बायका? कवा ऐकलंस?" डॉक्टर म्हणाले, "मग नका जाऊ." आबा मुकाट्यानं खाली बसला.

राहिल्या गोळ्या. "बारा-बारा तासांनी एक."

आबाकडे घड्याळ कुठलं? त्यानं बोटांवर हिशोब केला. "म्हंजे एक भरतीला नि दुसरी पुढल्या भरतीला."

डॉक्टर खळखळून हसले. "चालेल. भरतीलाच घ्या."

मीही हसले. आमचं सगळं आयुष्य खाडीकाठी गेलेलं. यात काही चुकलंय असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तराफा सुटला. पाणी हिरवं, दोन्ही बाजूंना रान, आणि आबा पुढे लांब काठी घेऊन उभा. भागोजीला शिव्या घालत होता, मधूनच मला माकडं दाखवत होता. माझ्या लहानपणी तो असाच दिसत असणार, फक्त तेव्हा मी घरी वाट बघत असायचे. तो दिवस मला अजून कुणी परत दिला, तर मी दुसरं काही मागणार नाही.

दुपारी चुलीवर भात ठेवला आणि आबा वाकून उठताना डुलला. मी धावत जाऊन धरला. कनवटीला गोळ्यांची पुडी जशीच्या तशी बांधलेली!

"आबा, सकाळची गोळी?"

"डाक्टरनं भरतीला घ्यायला सांगितलंन." त्यानं पाण्याकडे हात केला. "हितं भरती कुटं हाय?"

खरंच, भरतीचं पाणी चिपळूणच्या वर चढतच नाही. हा बाबा मुहूर्त बघावा तसा भरतीची वाट बघत बसला होता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि नेहमीसारखी मी ओरडले.

"खाडी लागेपर्यंत मीच तुझी भरती! तोंड उघड!"

भागोजी पोट धरून हसला. आबानं निमूट गोळी घेतली, वर नदीचं ओंजळभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "लय मोठी भरती आली रे, भागोजी."

गोवळकोटच्या पुढे खाडीचं पाणी उलटं ढकलायला लागलं, तेव्हा त्यानं स्वतःच पुडी सोडली. तराफा धडपणे पोचला, बांबू गेला. त्यानंतर दुसरा तराफा नदीनं पाहिला नाही. पण आबा पुढे पुष्कळ वर्षं जगला, आणि गोळी शेवटपर्यंत भरतीलाच. अंथरुणाला खिळल्यावर खाडी दिसेना, तेव्हा मला विचारायचा, "आली काय ग्ये?" मी "आली, आबा" म्हणायचे, आणि तो तोंड उघडायचा.

आता मी डोंबिवलीत लेकाकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. त्याच जातीच्या गोळ्या मलाही लागल्यात. सुरुवातीला सून रोज आठवण करायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. मग एकदा तिला आबाची ही गोष्ट सांगितली. ती भाजी चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "आई, भरती आली!" पाण्याचा पेला घेऊन ती समोर उभी राहिली. मी तोंड उघडलं.