वंगण

पौर्णिमेची वंदना संपली, बाया पदर सावरत उठल्या. हिरा मात्र विहाराच्या फरशीवर तशीच बसून राहिली. कुणाची तरी वाट पाहत असल्याचा आव तिनं चेहऱ्यावर आणला होता. सगळे पांगेपर्यंत श्रीपती दारात घुटमळला. मग आत येऊन त्यानं बायकोच्या काखेत हात घातले आणि तिला उभं केलं. तिच्या गुडघ्यांतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

"वंगण आटलंय," तो पुटपुटला.

आंबी गावात दुखऱ्या गुडघ्यांना सगळेच असं म्हणत. पण श्रीपतीच्या तोंडी तो शब्द नुसता म्हणण्यापुरता नव्हता. देहूरोडच्या डेपोत चौतीस वर्षं फिटर म्हणून त्यानं गाड्यांच्या बेअरिंगांत ग्रीस भरलं होतं. निवृत्तीनंतर हिराचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्याला उपाय शोधावा लागलाच नाही. ज्यानं जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं, त्यानं साजूक तुपात डिंक फुलवला, खारीक-खोबरं कुटलं आणि स्वतःच्या हातानं लाडू वळले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. हिवाळा सरला, उन्हाळे आले-गेले, लाडू थांबले नाहीत. दुखतं म्हणून हिराचं चालणं सुटलं, चालणं सुटलं म्हणून अंग सुटलं. अडीच वर्षांत चौदा किलो.

"श्रीपतभाऊ," वाटेत ओट्यावरून शेजारच्या धोंडाबाईनं हटकलं, "बायकू हाय का ट्रक? किती ग्रीस भरता?"

"तुमच्या म्हाताऱ्यानं तुमाला कोरडी भाकर बी कधी हातात दिली न्हाई, म्हनून पोटात दुखतंय!" हिरानं उलटून सुनावलं. ती हसली, पण हसण्यातच तिचा श्वास तुटला.

घरी आल्यावर श्रीपतीला दिसलं, सकाळचा पाण्याचा तांब्या जसाच्या तसा भरलेला होता.

"पानी का पीत न्हाईस?"

"प्यालं की जावं लागतं." हिरानं मान वळवली. "तितं बसलं की उठवत न्हाई. तुमाला तितं बी हाक मारू व्हय?"

त्या रात्री श्रीपतीला झोप लागली नाही. जी बाई आयुष्यभर कुणापुढं वाकली नाही, तिनं आता उठण्याच्या भीतीनं तहान मारावी! सकाळी तो तिला तळेगावला घेऊन गेला.

डॉक्टर समीक्षा वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं एक्स-रे उजेडावर धरला. "चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो, काका. जिना चढताना त्याहून जास्त. त्यात मावशींचे पाय कमानीसारखे बाहेर वाकलेत, त्यामुळं तो बराचसा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. तिथली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजलीय. आणि चरबी हे नुसतं ओझं नसतं. सांध्याला सूज आणणारी द्रव्यं ती रक्तात सोडत राहते."

श्रीपती त्या काळ्या फिल्मकडं पाहत राहिला. बाहेरच्या अंगाला फट होती. आतल्या अंगाला हाड हाडाला टेकलं होतं. एका बाजूनं खाल्लेली अशी कित्येक बेअरिंगं त्यानं भंगारात टाकली होती. नव्या कामगारांना तो दरडावून सांगे: ग्रीसचा डबा खाली ठेवा, आधी शाफ्ट सरळ आहे का बघा, लोड किती ते बघा. लोखंडाच्या बाबतीत जे त्याला डोळे मिटून कळे, ते घरात डोळे उघडे असून दिसलं नव्हतं.

"खाण्यात काय असतं, मावशी?"

"भाकरी, कालवण." हिरा भिंतीकडं पाहत म्हणाली. "आमच्यासारख्याच्या घरात आनखी काय असनार?"

ती त्याला पाठीशी घालत होती. आपण गप्प बसलो तर गोळ्या लिहून मिळतील, आणि पाय वाकत राहतील. श्रीपतीचे कान तापले.

"लाडू," तो म्हणाला. "दिवसाला चार. तुपातले. मीच देतो... वंगण म्हनून."

डॉक्टर हसली नाही. "खाल्लेलं तूप गुडघ्यात उतरत नाही, काका," ती हलकेच म्हणाली. "वजन उतरायला हवं, आणि मांडीत ताकद यायला हवी. झिजलेलं भरून येणार नाही. उरलंय ते मात्र जपता येईल, गुडघा बदलायचं ऑपरेशन लांबवता येईल."

परतीची रिक्षा इंद्रायणीच्या पुलावर आली. हिरा बाहेर बघतच म्हणाली, "कशाला सांगितलं?"

"तुझ्याच भल्यासाठी..."

"चाळीस वर्सांत माझ्यापुढं कधी ताट सरकवलं व्हतं तुमी? अंग वाढतंय हे मला ठावं न्हवतं व्हय? झंपर उसवून उसवून घालते मी. पर तुमी लाडू हातावर ठिवून, संपंस्तवर जवळ बसायचा. तेवढ्यासाठी खात गेले." तिनं डोळ्यांना पदर लावला. "आता त्ये बी बंद."

अशा भुकेवरचं हत्यार श्रीपतीच्या पेटीत नव्हतं.

घरी त्यानं डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं टॉवेलची गुंडाळी केली, पलंगावर तिच्या गुडघ्याखाली सरकवली आणि वाटीवर तळवा ठेवून जवळ बसला. "दाब. पाच मोजस्तवर."

हिरानं दात आवळून गुडघा खाली दाबला. श्रीपतीच्या तळव्याखाली रेती दळल्यासारखी करकर उमटली. मशीन असतं तर त्यानं हा भाग केव्हाच बदलला असता. इथं उरलेल्यावरच निभवायचं होतं, आणि ते किती काळ, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजता मोजता त्याचे ओठ हलायचे थांबले.

"मोजताय का झोपलाय?" हिरा कळवळून म्हणाली. "माजा जीव चाललाय हितं!"

"इसरलो," श्रीपती म्हणाला. हात न उचलता त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.