उभे सात

रविवारचं कोडं म्हणजे बाबा आणि त्यांची मोठी सून. बाकी कुणी त्यात नाक खुपसायचं नाही, हा घरचा कायदा, आणि मोठीने तो लग्न झाल्यापासून डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. साप्ताहिक आलं की सासरे खिडकीजवळच्या गोल टेबलाशी बसत, जाड चष्मा नाकावर चढवत आणि एकेक क्लू मोठ्याने वाचत. मोठीने ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. नुसतं उत्तर चालत नसे. बाबा पेन हवेत धरून विचारत, "कशावरून?" मग फोड करून दाखवायची, शब्दाचा कुठला तुकडा कुठून आला ते. फोड पटली तरच पेन कागदाला टेके. जमिनी मोजण्यात हयात गेलेला माणूस तो, खुणेचा दगड दिसल्याशिवाय रेघ ओढेल कशाला!

कोडं साधंसुधं नव्हे, हां. 'पाण्याला दुसरा शब्द, दोन अक्षरं' असल्या पोरखेळाला बाबा हिंग लावून विचारत नसत. हे गूढ कोडं. क्लू बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं भलतंच. वर पुन्हा प्रत्येक कोड्याला एक छुपा विषय असायचा, तो हाती लागेपर्यंत जिवाची नुसती तगमग. मोठी या कोड्यांचं परीक्षणही लिहायची, त्याच साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात. कुठला क्लू चोख, कुठला ओढूनताणून आणलेला, रचनाकाराने कुठे लबाडी केली, सगळं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी ही बाई, पण भलेभले रचनाकार तिला वचकून असत. परीक्षणासाठी संपादक कोडं आणि उत्तरं तिला आधीच मेलने पाठवायचे. ती मेल ती रविवार उलटेपर्यंत उघडत नसे. "बाबांच्या आधी मी बघितलं तर मजा काय राहिली?" असं ती चारचौघांत सांगे, आणि शेजारी बसलेले बाबा कौतुकाने मान डोलावत. त्या मान डोलावण्यावर तिचा पुढचा आठवडा निघायचा.

आणि मग धाकटी आली.

दिराने लग्न केलं ते औषधांच्या दुकानातल्या एका मुलीशी. दोघं वरच्या मजल्यावर राहायला आली. पहिल्याच रविवारी ती स्क्रू-ड्रायव्हर मागायला खाली उतरली, तेव्हा बाबा वाचत होते, "उलटा वाचा, सुलटा वाचा, वरचढच. तीन अक्षरं."

मोठी अजून कपाळ चोळत होती. दारातून आवाज आला, "सरस."

"कशावरून?" बाबांनी वळून विचारलं.

"उलट वाचलं तरी सरस, सुलट वाचलं तरी सरस. आणि सरस म्हणजे वरचढ. बाबा, स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवता तुम्ही?"

बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग स्वतः उठून त्यांनी तिच्यासाठी तिसरी खुर्ची ओढली. झालं! त्या दिवसापासून धाकटी दर रविवारी हजर.

मोठीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. धाकटी वाईट होती म्हणावं तर तेही नाही, हीच तर पंचाईत! उत्तर सुचलं की मान खाली घालून "ताई, तुम्ही सांगा ना," म्हणायची. त्याने तर मोठीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. आणि बाबांची खुर्ची! ती आधी मोठीकडे कललेली असायची, ती हळूहळू मधे आली आणि मग पलीकडे सरकली. बाबांच्या ध्यानातही आलं नसेल. मोठीच्या आलं.

"अगं, लहान आहे ती," नवरा म्हणाला. "घरातलीच तर आहे."

"घरातली आहे म्हणूनच जास्त जळतंय!" मोठी ताडकन बोलली. नवऱ्याने पेपरात डोकं घातलं. शहाणा माणूस.

तर त्या आठवड्यात कोडं होतं 'विंचू' या टोपणनावाने रचणाऱ्या माणसाचं, सगळ्यात अवघड. मेल येऊन पडली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मोठीने मेलकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे, मग पुन्हा मेलकडे, आणि उघडली. विषय होता पक्ष्यांचा. काही उत्तरांच्या पोटात एकेक पक्षी कोंडलेला, शोधून रंगवायचा. तिने सगळी उत्तरं फोडींसकट तोंडपाठ केली. शाळेतसुद्धा हिने इतकी घोकंपट्टी कधी केली नव्हती. शनिवारी संपादकांची आणखी एक मेल आली, पण ती बघायची गरजच काय?

रविवारी बाई असल्या रंगल्या म्हणता! कपाळाला आठ्या काय घालत होत्या, ओठ काय चावत होत्या, आणि नेमकं धाकटीने तोंड उघडायच्या आत उत्तर काय टाकत होत्या. "तबक! त आणि बक. बाबा, यात बक लपलाय. विषय पक्ष्यांचा आहे!"

"शाब्बास!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "आज हिचं काही विचारूच नका!" आणि त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. अगदी थोडी, पण सरकवली. धाकटीने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. मोठीला तर आकाश ठेंगणं झालं.

"उभे सात," बाबा वाचू लागले. "पुढ्यात, सगळ्यांच्या आधी नाचणारा पक्षी. तीन अक्षरं, शेवटी र."

धाकटीचे ओठ हलले. मोठीने ते पाहिलं आणि तिला दम निघेना. "माघार!"

पेन हवेत थांबलं. "कशावरून?"

"सोपं आहे. आई म्हणजे मा. तिच्याजवळ शिकारी पक्षी, म्हणजे घार. मा आणि घार. आणि मागे फिरणं म्हणजे माघार."

बाबांनी क्लू पुन्हा मनातल्या मनात वाचला. मग बोट ठेवून वाचला.

"इथे आई कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं. "शिकारही नाही. मागे फिरणंही नाही."

मोठीला एकदम आठवलं. शनिवारची ती मेल! घार दोनदा आली म्हणून विंचवाने उभे सात ऐन वेळी बदललं होतं, आणि ही बया जुन्याच क्लूची फोड सांगत बसली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"समोर असेल, बाबा," धाकटी हळूच म्हणाली. "'सगळ्यांच्या'चं पहिलं अक्षर स, पुढे नाचणारा मोर. आणि समोर म्हणजे पुढ्यात. ताईंकडे परीक्षणाची प्रत येते ना, त्यात वेगळा क्लू असेल. होतं असं." ती आपली सांभाळून घ्यायला गेली बिचारी.

"ती रविवारच्या आधी उघडत नाही," बाबा म्हणाले. किती खात्रीने म्हणाले! मग त्यांनी चष्मा काढला आणि सुनेकडे नीट पाहिलं. "उघडलीस?"

"उघडली."

"का?"

खोटं बोलता आलं असतं. पण मोठीच्या आत इतके दिवस साठलेलं सगळं एकदम वर आलं. "हिच्यामुळे! माझं एवढं एकच होतं, बाबा. एवढं एकच. तेही हिने घेतलं, आणि तुम्ही दिलंत!"

धाकटी उठली. "माझे कपडे मशीनमध्येच राहिलेत," असं काहीतरी पुटपुटत ती जिना चढून गेली. वरचं दार लागल्याचा आवाज आला.

आता टेबलाशी दोघंच. अगदी पूर्वीसारखी. मोठीला हेच तर हवं होतं. तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "वाचा, बाबा."

बाबांनी अंक तिच्यापुढे सरकवला. "काय वाचू? तुला सगळं येतंय." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज नुसता थकलेला होता. "आज मी कुणाबरोबर सोडवू, सांग बघू."

मोठीने अंकाकडे पाहिलं. एक चौकोन असा नव्हता की ज्यातलं अक्षर तिला माहीत नव्हतं. बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते, पेनाला टोपण लावून.

शेवटी ती उठली. जिना चढली, वरच्या दारावर टकटक केली. धाकटीने दार उघडलं, तिचे डोळे लाल झाले होते.

"खाली चल," मोठी म्हणाली. पुढचे शब्द बाहेर काढताना तिचा जीव जळत होता, अजूनही जळत होता. "बाबा तुझ्यासाठी थांबलेत."