दोन श्वास थांबायचं

साकोलीच्या बसस्टँडसमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान; सगळे मला तारा म्हणतात. सत्त्याऐंशी साली नागपूरहून मी एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणून दारात उभं केलं, तेव्हा सगळ्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. लोकांचं काय, दुसऱ्याच्या दुकानात नवं काही आलं की यांच्या पोटात दुखतं.

गेम असा होता. तलवारवाला एक गडी जंगलातून चालत जातो. वाटेत लहानसहान राक्षस मारले की त्याची ताकद वाढते, तलवार लांब होते. मग एका अरुंद वाटेवर पट्ट्यापट्ट्यांचं एक जनावर आडवं येतं. तिथं सगळे मरत. मेलं की पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजची पोरं चार दिवसांत मशीनला बेइमान म्हणून निघून गेली, आणि मला त्याचा भारी संताप आला. जनावर दर वेळी तेच करायचं. आधी खांदा पाडायचं, मग उडी घ्यायचं. समोर दिसायचं सगळं, तरी माणूस घाबरून पळायचा आणि पाठीत पंजा खायचा. हरल्यावर राग मशीनचा नाही, स्वतःचा यायचा. त्या रागातच तर त्याची गोडी होती, पण चिकाटी नसणाऱ्यांना ती कशी कळणार!

धनीराम आला तो रेडिओ घेऊन. चाळिशीचा शेतकरी, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावचा. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, तरी पडद्यावर गडी चालत होता.

"कोन खेळून राहिला हा?" त्यानं विचारलं.

"कोनी नाही जी. कोनी नसलं का मशीन आपल्या मनानंच खेळते."

गडी जनावरापर्यंत पोचला, पळाला आणि मेला. धनीराम बाहेर गेला, रस्त्यावरचा एक दगड उचलून आणला आणि मशीनच्या डोक्यावर ठेवला.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे वाघानं जिथं माणूस मारला, तिथून जाणारा-येणारा एक दगड ठेवतो. नाही ठेवला तर मेलेला वाघाच्या पाठीवर बसतो आणि त्याला पुढचा माणूस दाखवतो, असं म्हणतात. पण काचेतल्या मेलेल्याला कोणी दगड ठेवतं का?

"हे काय करून राहिले धनीरामभाऊ? खेळ आहे हा."

"मेला ना पन तो?"

मी चहा मागवला. चहा पितापिता त्यानंच सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मोठा भाऊ सोमाजी पहाटे मोहफुलं वेचायला निघाले होते. वाटेवर वाघ आला. धनीराम पळाला, सोमाजी मागे राहिला.

"वहिनी मले कधी विचारत नाही," तो म्हणाला. "पन मी थांबलो असतो तं दादा वाचला असता का? मले तेवढंच समजाले पायजे."

मला काय ठाऊक? तसंच सांगायला हवं होतं. पण मशीनचा अभिमान माझ्या जिभेवर बसला होता. म्हणालो, "यात तं वाचते माणूस. हे मशीन खोटं बोलत नाही. मेला तं चूक आपलीच."

तेव्हापासून तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. मरायचा, दगड ठेवायचा, पुन्हा उभा राहायचा. संध्याकाळी मी ते दगड नालीत टाकायचो. त्याचे कुदळ धरणारे हात आधी बटणांवर नुसते आपटत होते; मग ते निवांत झाले. मी त्याच्या खांद्यामागून बघायचो आणि मलाही नशा चढायची.

एका दुपारी मी एकटाच होतो. मशीन आपलं आपण खेळत होतं. गडी जनावरासमोर आला आणि पळाला नाही. जागेवर उभा राहिला आणि तसाच मेला. असं त्यानं आधी कधीच केलं नव्हतं. मी हे धनीरामला सांगितलं नाही. मला भीती वाटली, खरं सांगतो.

पुढच्याच बाजारी धनीराम जिंकला. जनावरानं खांदा पाडला. तो दोन श्वास थांबला. उडी डोक्यावरून गेली, यानं एक पाऊल पुढं टाकून तलवार चालवली, आणि जनावर पडलं. मी ओरडून त्याला मिठी मारली. तो रडत होता.

"सोपं होतं रे तारा," तो म्हणाला. "नुसतं थांबा लागत होतं."

मी आनंदात इतका बुडालो होतो की तो काय बोलला ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

आठव्या दिवशी एक बाई बसमधून उतरून तडक दुकानात आल्या. सोमाजीची बायको, शकुनबाई.

"काय शिकवलं तुमी धनीरामले? रोज जंगलाच्या वाटेवर जाऊन उभे राहून राहिले ते. म्हनतात, वहिनी, आता मले जमते."

दुकान तसंच टाकून मी त्यांच्यासोबत निघालो. ऊन चढलं होतं. सोमाजी जिथं मेला होता त्याच जागी, वाटेच्या मधोमध, धनीराम उभा होता. गुडघे किंचित वाकलेले, हात रिकामे. आजूबाजूला एक पाखरू बोलत नव्हतं.

"भाऊजी," शकुनबाई म्हणाल्या, "तुमचे दादा पळाले नोते. मी पाह्यलं होतं इथं येऊन. दोन्ही पायाचे ठसे मातीत रुतले होते, बोटं समोर. एक पाऊल मागं नोतं. ते थांबूनच मेले. तुमची काही चूक नोती भाऊजी, घरी चला."

मला वाटलं, सुटला बिचारा. नऊ वर्षांचं ओझं उतरलं.

धनीराम हसला. नजर समोरच्या झुडपावरून हलली नाही.

"थांबला होता दादा? मंग पाऊल टाकाले उशीर केला असन त्यानं, वहिनी. तिथंच चुकते सगळ्यायचं."

झुडूप हललं. वारा नव्हता.

"तुमी दोघं जरा मागं सरका," तो म्हणाला.