दाराआडचा श्वास

लिफ्टकाकांना धाप लागली की ते कुणाला सांगत नसत. सांगायलाही श्वास लागतो. उभी हयात त्यांनी लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळत दुरुस्त्या केल्या, तिथे कधी छाती धडधडली नाही. आता मात्र खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी धाप लागेल या भीतीने ते बसूनच राहायचे. फुफ्फुसं कायमची अधू झालीत, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पण हातपाय हलवत राहाल तर बरे राहाल, असंही ते म्हणाले होते. म्हणून फोनवरचा व्यायाम सुरू झाला.

फोनवर एक मुलगी बोलायची. अशा दमेकऱ्यांकडून घरच्या घरी व्यायाम करून घ्यायचा, हेच तिचं काम. काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. "धाप लागणारच काका, तिला घाबरायचं नाही," असं ती दर वेळी म्हणायची. काका "हो हो" म्हणायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, तुझं काय जातंय बोलायला!

त्या दुपारी थोरली बहीण डोळे तपासून घ्यायला निघाली. घरात ती दोघंच राहायची.

"मी येईपर्यंत उगाच शूरपणा करू नकोस," तिने बजावलं.

"शूरपणा? ताई, मी हल्ली शिंकायलाही घाबरतो."

ती गेली आणि ठरल्या वेळी फोन वाजला. काकांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

"आज हातांचा व्यायाम करू," मुलगी म्हणाली. "पाण्याच्या दोन लहान बाटल्या भरून आणा. सावकाश. मी थांबते."

स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी नव्हतं. काका बाथरूममध्ये गेले. पहिली बाटली भरत होती तेवढ्यात खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि मागे दार धाडकन आपटलं. फुगलेलं लाकूड चौकटीत घट्ट रुतून बसलं. काकांनी मूठ धरून ओढली, तर मूठच हातात आली.

आधी त्यांना हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडली आणि हत्यारं आता पलंगाखाली! मग त्यांनी दाराखालच्या फटीत बोटं घालून ते ओढलं. एकदा, पुन्हा एकदा. तिथेच चुकलं. छातीत कुणीतरी दोरी आवळली. आत घेतलेली हवा बाहेर पडेना, आणि जुनी जात नाही तोवर नवी येणार कुठून? भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटल्या. हाका मारायला तोंड उघडलं, तर नुसती शिट्टीसारखी घरघर निघाली.

"काका? बाटल्या मिळाल्या का?"

आवाज दाराच्या फटीतून येत होता. चार पावलांवर माणूस होतं आणि त्याला काही दिसत नव्हतं.

"काका, बोला ना."

काका खाली बसले. हाताला प्लॅस्टिकचा मग लागला. त्यांनी तो दारावर आपटला.

आता ही फोन ठेवणार, काकांना वाटलं. लाईन बिघडली म्हणून ठेवून देणार.

"तो आवाज तुमचा आहे का? असेल तर परत वाजवा."

त्यांनी वाजवला.

"अडकलात? पडलात? अडकला असाल तर दोनदा."

दोनदा.

"बरं. ताईंचा नंबर आहे माझ्याकडे. दुसऱ्या फोनवरून लावते, हा बंद करत नाही. काका, ऐका. आता दाराशी झटायचं नाही. पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर टेका. ओठांचा चंबू करा आणि गरम दुधावर फुंकर घालावी तसा श्वास सोडा. घ्यायची घाई नको, आधी सोडा. सोडून झाला की एकदा वाजवा."

काकांनी फुंकर घातली. ती ओठांतच विरली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ताईला शेवटचं आपण काय बोललो, तर शिंकेचं! त्यांनी पुन्हा फुंकलं. हातातला मग दारावर वाजला.

"छान. अजून एक."

मध्येच एकदा त्यांचा हात गळून पडला. हातातला मग वाजेना.

"काका!" आता तो आवाज शिकवणाऱ्या बाईचा राहिला नव्हता. घाबरलेल्या पोरीचा होता. "काका, वाजवा हो. वाजवा ना!"

पोर रडकुंडीला आलीय हे त्यांना कळलं. तिच्यासाठी म्हणून त्यांनी हात उचलला. किती वेळ असा गेला, देव जाणे. हळूहळू फुंकर लांबत गेली, दोरी सैल पडत गेली. पण भीती तिथेच मांडी ठोकून बसली होती.

बाहेर धावपळ झाली. ताई शेजारच्या सुताराला घेऊन आली होती. पहारीने दार उचकटलं तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते, ओठ निळसर, अंग घामाने थबथबलेलं. ताईने त्यांना दवाखान्यात नेलं. थोडे दिवस प्राणवायूवर ठेवून त्यांना घरी सोडलं.

सुताराने बाथरूमचं दार काढून नेलं आणि काकांनी नवं बसवू दिलं नाही. ताईने तोंड वाजवत पडदा शिवला. काका मात्र आठवडाभर खुर्चीतून हलले नाहीत. फोन वाजला की ते ताईला खुणेने सांगायचे, झोपलाय म्हण. एकदा ताईने काही न बोलता फोन त्यांच्या कानालाच लावला.

"त्या दिवशी माझी बोबडी वळली होती, काका," मुलगी म्हणाली.

"मला वाटलं, तुला रोजचंच."

"छे हो."

काकांनी ताईच्या हातून फोन घेतला. मग म्हणाले, "मला अजून भीती वाटते. उठायचीसुद्धा."

"ताई आहेत ना शेजारी?"

"आहे. बसलीय डोळे वटारून."

"मग भीती वाटू दे. आधी श्वास सोडा, आणि सोडता सोडता उठा."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ताईने काखेत घालायला हात पुढे केला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आणि ओठांचा चंबू करून ते उठू लागले.