अठरा नंबरची पक्कड

औषधांच्या गोदामात माल भरणाऱ्या प्रत्येकाला एक पक्कड मिळते. खोक्याच्या तारेत शिशाचा मणी ओवायचा, पकडीने दाबायचा, की मण्यावर तुमचा नंबर उठतो. तिचा नंबर अठरा. बारा वर्षांत तिने पक्कड कुणाच्या हाती दिली नव्हती. आज दिली, आणि दिली तीही जावयाला. जावई हे त्याचं नाव नव्हे, नातंही नव्हे. कामाला यायचा तो पाहुणचाराला आल्यासारखा, म्हणून. आपली पक्कड तो हरवून बसला होता, गाडी सुटायला आली होती, हिने नुकताच डबा उघडला होता.

"ताई, एकच खोका राहिलाय, सात नंबर. मी भरतो. तुम्ही निवांत जेवा."

जावयाला कामाची घाई झाली, तेव्हाच तिने सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. सासऱ्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. आता वर्ग उरला नव्हता, सून होती.

"सूनबाई, तुमच्या गोदामातला शब्द. कन्साइन. अर्थ?"

"माल पाठवणे."

"निम्मे मार्क! मुळात लॅटिन, शिक्का मारणे. इंग्रजीत आला तेव्हा क्रुसाची खूण करणे. मग हवाली करणे. माल पाठवणे अगदी शेवटी, व्यापाऱ्यांच्या कृपेने. म्हणजे शिक्का आधी, गाडी मागून. मी पाहिलं, ही माझी खूण, आता तू सांभाळ."

"आणि न पाहता मारला तर?"

"मग शिक्का कसला? नुसतं शिसं!" ते स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

तिचा हात थांबला. गोदामातून निघताना बाळांच्या औषधाच्या थेंबांची फळी तिने भरलेली पाहिली होती. सातव्या खोक्यात तर तेच थेंब जायचे होते, झाडून सगळे. रिकामी होती ती शेजारची फळी. तिच्यावर मोठ्या माणसांचं औषध असायचं, दहापट कडक. तशीच तपकिरी बाटली, तसंच पांढरं झाकण, लेबलावर मुंगीएवढी अक्षरं.

एका बाजूला बारा वर्षांची नोकरी, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी बाळ, तिने तोंडही न पाहिलेलं. हिशेब मांडायला ती थांबली नाही. खोका ज्या दवाखान्यात गेला होता, तिथल्या स्टोअरला फोन लावताना दोनदा नंबर चुकला.

"सात नंबरचा खोका उघडू नका!"

"तो तर उघडला आत्ताच," सिस्टर म्हणाल्या. "सील व्यवस्थित होतं की. अठरा नंबर."

"अठरा मीच. पण आत काय भरलंय ते मी पाहिलेलं नाही. थेंब नसतील ते."

पलीकडे फोन टेबलावर आपटला. चपला धावत जिन्याने वर गेल्या. मग काहीच नाही. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं गं?" तिने हातानेच त्यांना गप्प केलं. वरून कुठूनसं एक बाळ रडत होतं. रडतंय, म्हणजे बरं की वाईट, हे तिला ठरवता येईना. मग ते एकाएकी थांबलं, आणि तिने ओट्याची कड घट्ट धरली.

चपला परत आल्या. सावकाश.

"ड्रॉपर भरला होता," सिस्टरांना धाप लागली होती. "ओठाला लागायचाच बाकी होता. बाई, कागदावर घ्यावं लागेल हे. कुणाचं नाव लिहू?"

जावयाचं नाव अगदी जिभेवर आलं.

"भरला कुणी ते उद्या साहेबांना सांगते," ती म्हणाली. "सील अठराचं. तुम्ही अठरा लिहा."